भिंतीवरचं दार

बोस्कोरेआले, १२ ऑगस्ट १९०२

सबातो,

हे पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड. तुझ्या गल्लीत राहणारा तो नोचेराचा न्हावी परत आलाय. त्याने सांगितलं की तू जिवंत आहेस, बोयनोस आयरेसच्या बंदरावर पोती उचलतोस आणि अंगाने सुटला आहेस. म्हणजे हात शाबूत आहेत. मग माझ्या दोन पत्रांना उत्तर न येण्याचं कारण एकच उरतं, आणि ते मला ठाऊक आहे.

बाबांना जाऊन येत्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाला, दीड वर्ष होईल. आपल्याकडची माती कोरडी, तेवढ्यात सगळं झडून जातं असं स्मशानातला कार्मिन्येल्लो म्हणतो. म्हणजे आता त्यांना बाहेर काढायचं, हाडं स्पिरिटने धुवायची, चादरीत बांधायची आणि आईच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवायची. आईच्या लग्नातली तागाची चादर मी काढून ठेवली आहे. बाकी सगळं मी करीन. पण कवटी थोरल्या मुलाने हातात घ्यायची असते. तोवर जीव धड इथला नाही, धड तिथला नाही. तू देव मान किंवा नको मानू, बाबा मानत होते.

त्यांनी चारचौघांत तुझ्या थोबाडीत मारली हे मी विसरलेले नाही. पण तूही काय केलंस ते आठव. मळ्याखाली, डोंगराच्या राखेत गाडलेल्या त्या रोमन घरात, लाल खोलीच्या भिंतीवरून त्या वीणा धरलेल्या बाईचं चित्र कापताना आधाराची चौकट बसवण्याआधीच मागून करवत चालवलीस. इतकी शतकं मातीत टिकलेली बाई तुझ्या हातात एक सकाळ टिकली नाही. मळ्याचा मालक आकानफोरा बाह्या सरसावत तुझ्याकडे निघाला होता. त्याचा हात उठण्याआधी बाबांचा उठला. घरच्याने मारलं की बाहेरचा मारत नाही, एवढंच त्यांचं गणित होतं. ते तुला समजावून सांगणं त्यांना जमलं नाही, आणि तू दुसऱ्या दिवशी नेपल्सला जाऊन बोट पकडलीस.

ते कसे गेले ते पहिल्या पत्रात लिहिलं होतं, पुन्हा लिहिते. त्याच गाडलेल्या घरातल्या लहान खोलीत उतरले आणि तिथे मोफेता साचली होती. जमिनीतून निघणाऱ्या त्या विषारी हवेबद्दल तुला काय सांगायचं? दिसत नाही, वास येत नाही, गुडघ्यापर्यंत असते तेव्हा कुत्रा मरतो आणि माणूस त्याला हसतो. क्रेशेंझो म्हणाला, चेहरा पाहवत नव्हता, म्हणून पेटी खिळे ठोकूनच घरी आणली. त्यानेच पुढचा कोपरा खांद्यावर घेतला आणि देवळापर्यंत रडत गेला. जावई असून मुलाचं केलं त्याने.

ये. येताना काही आणू नकोस, फक्त तू ये.

ब्रिजिदा


बोस्कोरेआले, ५ नोव्हेंबर १९०२

सबातो,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. "येणार नाही. क्रेशेंझोला ते मुलगाच मानत होते, त्यालाच धुऊ दे." वाचून मला राग आला आणि अक्षर पाहून रडूही आलं. अजूनही 'ब' उलटा काढतोस.

काल पेटी उघडली.

गेले पंधरा दिवस क्रेशेंझो मला अडवत होता. "अजून ओलं असेल ब्रिजिदा, पुढल्या वर्षी बघू." "यंदा पाऊस फार झाला." काल सकाळी तर तापच भरला त्याला. मी कपाळाला हात लावला, कपाळ थंड होतं. म्हटलं, पुरुष माणूस, हाडं बघायला घाबरतो. लेप लावायला सांगून मी एकटीच गेले. तिथे फादर एउस्ताक्यो आणि कार्मिन्येल्लो दोघेच होते.

कार्मिन्येल्लोने दोर लावून पेटी ओढली आणि मध्येच थांबला.

"बाई, ही जड आहे."

"बाबा कधी जाड होते?"

"हाडं झाली की सगळेच हलके होतात. आणि हाडं खडखडतात. हे खुळखुळतंय."

झाकण काढलं. आत आपल्या डोंगराचे खडे होते, सबातो. राखाडी, हलके, तू आणि मी लहानपणी पाण्यावर तरंगवायचो तसले. काठोकाठ भरलेले, आणि वर बाबांची टोपी नीट ठेवलेली. मी कोपरापर्यंत हात घातला. या कडेपासून त्या कडेपर्यंत चाळलं. हाताला काही लागलं नाही, बोटाचं एक पेरसुद्धा नाही.

फादरनी आधी मागे वळून पाहिलं, कुणी आहे का ते. मग म्हणाले, "झाक ते. ब्रिजिदा, गावात बोलू नकोस. देवळाची नवी घंटा आकानफोरांनी दिली आहे."

"मी घंटेबद्दल विचारलं नाही, फादर. माझा बाप कुठे आहे ते विचारतेय."

त्यांनी हवेत क्रूसाची खूण केली. कार्मिन्येल्लोने हात पँटीला पुसले. "बाई, माझं काम उघडायचं. आत काय असावं ते माझ्या हातात नाही. पण कोनाडा मी रिकामा ठेवतो. कधीही आणा, मी विचारणार नाही."

घोंगडं पांघरून झोपलेला नवरा घरात आहे. मी त्याला अजून काही विचारलेलं नाही. आधी तुला लिहावंसं वाटलं.

ब्रिजिदा


बोस्कोरेआले, २३ नोव्हेंबर १९०२

सबातो,

विचारलं. वालाच्या शेंगांचं कढण पुढ्यात ठेवलं, चमचा हातात दिला आणि विचारलं, "बाबा कुठे आहेत?" त्याने चमचा खाली ठेवला. मला वाटतं, दीड वर्ष तो या प्रश्नाचीच वाट पाहत जेवत होता.

खोदकामाची रीत तुला माहीत आहे. नवी खोली खणायची आणि तिची माती जुन्या, रिकाम्या झालेल्या खोलीत ओतायची. चित्रं मालकाच्या गाडीत, घर पुन्हा मातीत, वर द्राक्षाच्या वेली. नेपल्सहून सरकारी साहेब आला तर त्याला वेली दिसतात. आणि बाबांची रीतही तुला माहीत आहे. जी चित्रं कुणाला नको असायची त्यांना ते बुजवण्याआधी खाली उतरून पेंढ्याच्या चटया लावून यायचे. "अनिएल्लो, भिंतीला थंडी वाजते का रे?" म्हणून सगळे चिडवायचे. ते म्हणायचे, "तुझ्या बायकोला विचार, पांघरूण काय असतं ते."

त्या संध्याकाळी ते लहान खोलीत चटया घेऊन उतरले. तिचं जुनं घुमटी छत अजून उभं होतं, त्याला पाडलेल्या भोकातून शिडी सोडलेली. सकाळी आत गेले होते तेव्हा हवा चांगली होती, म्हणून दिवा सोडून पाहिला नाही. थोड्या वेळाने हाक मारली तर उत्तर नाही. क्रेशेंझोने दोरीला दिवा बांधून सोडला, तो अर्ध्यातच विझला.

"दिवा विझला म्हणजे माणूस विझला," तो मला म्हणाला. "आपल्याकडे कुणालाही विचार. विझलेल्या दिव्यामागे जो उतरतो तो दुसरी पेटी घेऊन येतो."

हे खोटं नाही. आपले दोन चुलते तसेच गेले.

"मग वरून गळ टाकून ओढायचं होतंत."

"साहेब दुसऱ्या सकाळी येणार होता. खोलीतून नको तेवढी चित्रं काढलेली. मालक म्हणाले, मेलेल्याला घाई नसते, साहेबाला असते. आत्ता बुजवा, तो गेला की काढू."

"गेला ना तो?"

"गेला. पण तोवर मोठ्या खोलीची सगळी माती वर पडली होती. मग मालकांनी वेली लावल्या. मग..." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "मग राहून गेलं, ब्रिजिदा."

राहून गेलं म्हणे. बाजारातून मीठ आणायचं राहून जातं, सबातो. आणि त्याच वर्षी आकानफोराने त्याला मळ्याचा रखवालदार केलं, हे पक्क्या भिंतींचं घर दिलं, तेव्हा मी देवळात जाऊन मेणबत्त्या लावल्या होत्या.

मी भांडले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाकडे जाऊ? पोलिसांकडे गेले तर आकानफोरा रोममध्ये मजेत राहील आणि बेड्या क्रेशेंझोला पडतील. मला शिक्षा नको आहे. मला बाबा हवेत, आईच्या शेजारी, चादरीत. तेवढं झालं की मी या माणसाबरोबर उरलेला जन्म काढू शकेन असं मला वाटतं. मी त्याला तसंच सांगितलं: "तू खणशील. मी पाट्या ओढीन."

तो हो म्हणाला, आणि मग कढण प्यायला.

ब्रिजिदा


बोस्कोरेआले, १ फेब्रुवारी १९०३

सबातो,

लोकांना सांगितलंय की विहीर खणतो आहोत. मळ्यात हिवाळ्यात कुणी फिरकत नाही आणि मालक चित्रं विकायला परदेशात आहे. क्रेशेंझो रोज आधी दिवा सोडतो, तो जळत राहिला की उतरतो. छताचं ते भोक सापडलं. आत खडे भोकापर्यंत भरलेले होते. खडे हलके आहेत, पण हात सोलतात. त्याच्या हातांना मी रात्री डुकराची चरबी चोळते. काल चोळता चोळता त्याने माझं मनगट धरलं आणि तसाच झोपी गेला. मी सोडवून घेतलं नाही.

पहिल्यांदाच मी त्या घरात उतरते आहे. तुम्ही बाप-लेक वर्षानुवर्षं त्यावर बोलायचा आणि मी भाजी निवडत ऐकायची. बायका उतरल्या की भिंत पडते म्हणे. भिंत अजून उभी आहे.

खाली खाली जावं तशी खोली वरून दिसत येते. आधी रंगवलेली कंगोऱ्यांची पट्टी आली. मग छपरं. एकावर एक चढलेली घरं, सज्जे, एका सज्ज्यावर ठेवलेलं मातीचं भांडं, आणि सगळ्या शहरात एक माणूस नाही. मग लाल खांब. तो लाल कसा आहे ते मला सांगता येणार नाही. तसा रंग घालून बाई देवळात गेली तर फादर दार लावून घेतील. समोरच्या भिंतीतून मालकाने चित्र नेलं तिथे नुसते दगड आहेत, दात पडलेल्या तोंडासारखे.

खोलीला खिडकी नाही, सबातो. एवढीशी झोपायची खोली, चारी बाजूंनी कोंडलेली, आणि भिंतींवर सगळं बाहेरचं काढून ठेवलंय. श्रीमंत असून त्यांना इथे गुदमरायला होत असणार. नाहीतर कशाला कोण एवढा खटाटोप करेल?

मोठ्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर दाराचा वरचा भाग दिसायला लागला आहे. पिवळं लाकूड, त्यावर खिळ्यांची रांग. मी क्रेशेंझोला म्हटलं, "मोठ्या खोलीकडूनच का नाही खणलंस? हे दार उघडून येता आलं असतं."

तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला. "हात लाव त्याला."

लावला. गार, सपाट भिंत. खिळे रंगाचे, खिळ्यांच्या सावल्याही रंगाच्या.

"तुझ्या बापाचं लाडकं," तो म्हणाला. "मालक म्हणाले, न उघडणारं दार कोण विकत घेईल? म्हणून राहिलं. म्हातारा त्यालाच चटई लावायला उतरला होता."

बाप खाली गाडलेला आहे आणि मला त्या खोलीत बरं वाटत होतं, हे लिहायची लाज वाटते. पण वाटत होतं. वर आले तेव्हा क्रेशेंझोने पाव कापला आणि मोठा तुकडा मला दिला. मी त्याला जवळजवळ माफ केलं आहे. बाबा हाती लागले की पुरतं करीन.

ब्रिजिदा


बोस्कोरेआले, १९ मार्च १९०३

सबातो,

बाबा सापडले. कोनाड्यात आईशेजारी आहेत. कार्मिन्येल्लोने शब्द पाळला, काही विचारलं नाही. कवटी मीच धुतली. तुझ्या नावाने धुतली, तेव्हा तुझ्यावरचं ओझं उतरलं असं समज.

बाकीचं एकदाच लिहिते, मग हे पत्र नक्की जाळ.

मी समजत होते की ते खोलीच्या मध्ये, शिडीखाली असतील, मोफेतेने पडले तिथेच. तिथे फक्त चटया होत्या. ते दारापाशी होते. भिंतीला टेकून, जवळजवळ उभे, चहूबाजूंनी खड्यांत रुतलेले. हातात थापी होती. आणि ज्या दाराला ओरखडा येऊ नये म्हणून ते उतरले होते ते दार त्यांनी स्वतः फोडलं होतं. जिथे कडी रंगवलेली होती तिथला सगळा गिलावा ठोकून ठोकून काढलेला, आतले दगड उघडे पडलेले. त्या भिंतीच्या पलीकडे मोठी खोली. तिथे खोदकामाची माणसं काम करत होती. ते बाबांना ठाऊक होतं.

दिवा विझला होता, माणूस विझला नव्हता. भोवळ येऊन पडले असतील, आणि वरून खडे पडू लागले तसे खड्यांवर चढत चढत त्या हवेच्या वर आले असतील. ते शुद्धीवर आले, सबातो.

मी एकेक हाड चादरीत ठेवलं. गाठ मारली आणि मग विचारलं, "तुला ऐकू आलं होतं?"

क्रेशेंझो भिंतीकडे पाहत होता. "सगळ्यांना आलं."

"काय ऐकू आलं?"

"ठोकल्यासारखं. आम्ही पलीकडून पाट्या भरत होतो. मालक म्हणाले, खडे बसतायत. पण आम्हाला कळलं की तो म्हाताऱ्याचा घुटमळणारा जीव आहे. मेलेला माणूस, अजून कुणी दोन शब्द म्हटलेले नाहीत, म्हणून जीव ठोकतोय. आम्ही टोप्या काढल्या, ब्रिजिदा. गुडघे टेकले. चिरविश्रांतीची प्रार्थना म्हटली, आख्खी म्हटली."

"आणि मग?"

"मग घाईने भरलं. जिवाला लवकर शांती मिळावी म्हणून."

"किती वेळ ठोकत होते?"

"अंधार पडेपर्यंत," तो म्हणाला. मग म्हणाला, "मधून मधून माझं नाव घेत होता. मेलेल्यांचे जीव नाव घेतात, तुला माहीत आहे."

तो खोटं बोलत नव्हता. तेच मला सहन झालं नाही. खोटं बोलला असता तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या, ताटल्या फोडल्या असत्या, आणि कदाचित अजून त्याची भाकरी भाजत असते. पण त्याने बाबांना आपलं नाव घेताना ऐकलं, टोपी काढली, आणि पाटी ओतली. आणि त्यानंतर माझ्या शेजारी झोपला.

मी चादर पाठीला बांधून वर आले. तो म्हणाला, "थापी राहिली, ती घेऊन येतो." मी वर पोहोचले आणि शिडी ओढून घेतली. ठरवून केलं म्हणू का? हात आधी गेले, पण हात माझेच होते, आणि थांबवता आले असते.

आधी त्याला वाटलं मी दमले. "ब्रिजिदा, शिडी." मग त्याने दिवा उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. ओरडला नाही. आता खोली तळापर्यंत रिकामी झाली होती, आणि दुपारपासून तळाशी हवा बदलत होती. आम्ही दोघांनीही दिव्याची ज्योत बुटकी होताना पाहिली. तो शहाणा माणूस, दाराच्या उंबऱ्यावर चढायला गेला, पण तो उंबराही रंगाचाच होता.

दिवा विझला. मी वाट पाहिली. मग त्याने माझं नाव घेतलं. मी गुडघे टेकले आणि चिरविश्रांतीची प्रार्थना म्हटली, आणि मग खडे ढकलायला लागले. काढायला अख्खा हिवाळा लागला होता. ढकलायला तेवढं लागत नाही. त्याने बाबांइतका वेळ ठोकलं नाही. हे मी समाधानाने लिहितेय की दुःखाने, ते मला कळत नाही. रात्री झोप लागत नाही. त्याची बाजू बिछान्यावर तशीच खोलगट आहे आणि मी त्या बाजूला पाय नेत नाही.

वर नव्या कलमांची रांग लावली आहे. आमची विहीर कोरडी लागली, असं सगळ्यांना सांगितलं.

गाव विचारतं, क्रेशेंझो कुठे. मी म्हणाले, मेव्हण्याकडे गेला, बोटीने, रागावून गेला. कुणाला नवल वाटलं नाही, या गल्लीतले अर्धे नवरे तसेच गेले आहेत. पण फादर एउस्ताक्योंचा विश्वास बसलेला नाही. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला आणि पुढल्या डाकेने तुला लिहिणार आहेत, तो खरंच आला का म्हणून.

तू काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. बाबांनी तुला मारलं होतं, मला कधीच नाही, तेव्हा त्यांच्यासाठी मी जे केलं ते तू झाकावंस असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण ठरवलंस तर फार लिहू नकोस, फादर अक्षरं तपासतात. एवढंच लिही: क्रेशेंझो सुखरूप पोहोचला, इथे काम मिळालंय, परत यायचं नाव काढत नाही.

तुझी बहीण,
ब्रिजिदा